वेळापत्रकातले गाव : सेवाग्रामच्या वैद्यकीय शिक्षणातील ग्रामसेवेची वाटचाल

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९ ची. पण सेवाग्रामातल्या आरोग्यकार्याची मुळे त्याआधी तेहतीस वर्षे मागे जातात. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या शेगावात राहायला आले. गावाला धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात चिखल तुडवतच ये-जा करावी लागे. हिवताप आणि विषमज्वर तर पाचवीलाच पुजलेले. त्याच वर्षी खुद्द गांधीजींना हिवतापाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आश्रमात आजाऱ्याची शुश्रूषा हा दिनक्रमाचाच भाग होता. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत आश्रयाला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या आणि अंगाला मालिश केले. त्यांची कुटी आजही आश्रमात उभी आहे. त्याच काळात, १९३६ मध्ये, मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभे केले. रोग्याला हात लावायला लोक भीत होते, त्या दिवसांत या परिसराने रोग्याला घरात घेतले. आपल्या संस्थेला मिळालेला हा पहिला वारसा.

या लेखात इमारतींची, खाटांची आणि विभागांची जंत्री नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या आणि झालेल्या तरुणांना गावात नेण्यासाठी संस्थेने जी व्यवस्था बसवली, तिचा हा इतिहास आहे. आपल्या पन्नासाहून अधिक वर्षांच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे : सेवाभाव भाषणाने रुजत नाही, त्याला वेळापत्रकात जागा द्यावी लागते.

बडी बहनजी आणि कस्तुरबा रुग्णालय

ही व्यवस्था ज्यांनी बसवली त्या डॉ. सुशीला नायर. संस्थेत लहानथोर सगळे त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत. १९१४ चा त्यांचा जन्म, दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण. थोरले बंधू प्यारेलाल गांधीजींचे सचिव, त्यामुळे आश्रमाशी नाते आधीपासूनचे. परिसरात पटकीची साथ आली तेव्हा या तरुण डॉक्टरने ती हाताळली आणि हळूहळू सेवाग्रामची आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडेच आली. १९४२ च्या आंदोलनात त्या पकडल्या गेल्या आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी व कस्तुरबांसोबत स्थानबद्ध राहिल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तिथेच देह ठेवला.

कस्तुरबांच्या स्मरणार्थ सेवाग्रामात स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय सुरू झाले. पाहुण्यांसाठी बांधलेल्या बिर्लांच्या घरात पंधरा खाटा मांडल्या गेल्या. आजचे कस्तुरबा रुग्णालय वाढले ते या पंधरा खाटांतून.

बहनजींनी पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. देशात वैद्यकीय महाविद्यालये वाढत असताना गावात मात्र डॉक्टर पोहोचत नाही, हे त्यांना दिल्लीत बसून रोज दिसत होते. भोर समितीने १९४६ च्या अहवालातच समाजाकडे पाहू शकणारा डॉक्टर घडवण्याची गरज मांडली होती. अहवाल सर्वमान्य झाला, पण शिक्षण शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतच अडकून राहिले. शहरात सहा वर्षे शिकलेल्या मुलाला सातव्या वर्षी गावात जा म्हणणे व्यर्थ आहे, शिक्षणच गावात झाले पाहिजे, हे बहनजींचे म्हणणे होते.

१९६९ : खेड्यातले महाविद्यालय

१९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा आणि उरलेला पाव सोसायटीचा, असे सूत्र ठरले. संलग्नता आधी नागपूर विद्यापीठाशी होती, पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी झाली.

प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका असे. डॉक्टर व्हायला निघालेला अठरा वर्षांचा मुलगा निदान एकदा तरी गांधीजींचे आत्मचरित्र उघडून बसत असे. प्रवेश मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस शरीररचनेच्या वर्गात जाण्याऐवजी आश्रमात राहायचे. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, परिसराची सफाई आणि आपली ताटे आपण घासणे हा तिथला क्रम. खादी, शाकाहार, दारू-तंबाखूला मनाई, शुक्रवारचे श्रमदान आणि सर्वधर्म प्रार्थना हे नियम नंतरही चालू राहत. यातले काही नियम अनेकांना जाचक वाटत. पण देशाच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या ऐपतीच्या घरांतून आलेली मुले पहिल्याच पंधरवड्यात एका पंगतीला बसत आणि एकाच झाडूने अंगण झाडत. पुढे गावातल्या घरात पाय ठेवायचा, तर या तयारीची गरज होतीच.

दत्तक गाव

ग्रामसेवेचा कणा म्हणजे सामाजिक सेवा शिबिर. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, पंधरा दिवस तिथे मुक्काम करायचा आणि नंतरची वर्षे दर महिन्याला त्याच गावात जात राहायचे, ही रीत संस्थेने घालून दिली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला चार-पाच कुटुंबे येतात आणि शिक्षण संपेपर्यंत ती त्याचीच राहतात.

शिबिरात पहिल्या दिवशी हातात कुटुंबपत्रक असते. घरात माणसे किती, जमीन किती, पिण्याचे पाणी कुठून येते, संडास आहे का, चूल कुठे आहे, गेल्या वर्षभरात कोण आजारी पडले, कोण दगावले, औषधपाण्याला पैसे कुठून आणले. नुकताच शरीरक्रियाशास्त्र शिकू लागलेला विद्यार्थी हे लिहून घेतो तेव्हा त्याला अजून एकही रोग ओळखता येत नसतो. हे मुद्दामच ठरवलेले आहे. रोग ओळखता येऊ लागले की नजर रोगावर खिळते, त्याआधी माणसाचे घर पाहून घ्यावे.

बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन मोजले जाते आणि घरातल्या सुनेचा आकडा सर्वांत खाली निघतो. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पुढच्या महिन्यात जाऊन पाहावे तर गोळ्यांचे पाकीट दिवळीत तसेच. गोळीने मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून भीतीने बंद केली, असे ती सांगते. वर्गात लोहाची मात्रा शिकवता येते. पण गोळी पोटात का जात नाही हे तिच्या ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, कारण पहिल्या भेटीत सून डॉक्टरांशी बोलतच नाही. एकदाच गावात जाऊन आलेल्याच्या वहीत ‘गोळ्या वाटल्या’ एवढीच नोंद राहते. दर महिन्याच्या फेरीमुळे ‘गोळ्या घेतल्या का’ हा पुढचा प्रश्न येतो.

मुक्कामाचा आग्रह का, याचे आणखी एक उत्तर वर्धा जिल्ह्याच्या रोगांतच आहे. हा हत्तीपायाचा पट्टा. त्या रोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा रक्तात फारसे सापडत नाहीत, ते रात्री दहानंतर बाहेरच्या रक्तवाहिन्यांत उतरतात. तपासणी करायची तर दिवेलागणीनंतर गावात थांबावे लागते आणि माणसे झोपायच्या बेतात असताना दारात जाऊन रक्ताचा थेंब मागावा लागतो. ओळखीच्या माणसालाच लोक अशा वेळी दार उघडतात. संस्थेत या रोगाच्या निदानावर डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ संशोधन झाले. प्रयोगशाळा आणि गावातली रात्र इथे हातात हात घालून काम करीत आल्या.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण वळण देण्याची योजना आणली. देशभर ती ‘रोम’ या लघुनावाने ओळखली गेली. त्यानुसार आपल्याकडेही वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे ग्रामीण केंद्रात राहून शिक्षण सुरू झाले. म्हणजे एकच विद्यार्थी आधी घर पाहतो, मग आजार आणि त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र. सामुदायिक आरोग्य विभागाने, विशेषतः डॉ. बी. एस. गर्ग यांच्या कार्यकाळात, आंजी व आसपासच्या गावांत महिलांचे बचत गट, किशोरींचे गट आणि गावसमित्या यांच्या आधाराने हे काम वाढवले. विद्यार्थी येतात-जातात, पण गावात काम टिकते ते अशा गटांमुळे.

ज्वारीचा विमा

१९८० च्या सुमारास मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत फिरत होते. गावकऱ्याकडे रोख पैसा नसतो आणि आजार मात्र रोख मागतो, हे त्यांनी पाहिले. कास्तकाराच्या हातात वर्षातून एकदा काहीतरी येते, ते सुगीला. मग वर्गणी त्याच वेळी आणि धान्यातच का घेऊ नये?

अशी सुरू झाली ज्वारीच्या वर्गणीवर चालणारी आरोग्य विमा योजना. खळे झाले की घरोघरची ज्वारी मोजून गोळा व्हायची. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीन मजुराने थोडी. गावातल्या बहुसंख्य घरांनी भाग घेतला तरच योजना लागू होई. ज्वारी विकून आलेल्या पैशातून गावातल्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि औषधे यांचा खर्च निघे. कस्तुरबा रुग्णालयात भरती व्हावे लागले तर सभासदाला उपचारात सवलत मिळे. अचानक आलेल्या आजाराला भरपूर आणि आधी माहीत असलेल्या शस्त्रक्रियेला थोडी कमी, असा विचार त्यामागे होता.

ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे आणि ज्याला गरज जास्त त्याने जास्त घ्यावे, हे तत्त्व गावसभेत बसून ठरले. त्या सभांना आपले निवासी डॉक्टर व विद्यार्थी हजर असत. विम्याचे अर्थशास्त्र ते पुस्तकाआधी तिथे शिकले. जिल्ह्यातली ज्वारी पुढे कमी होत गेली, सोयाबीन आले, वर्गणीही रोख झाली. पण गाव स्वतःच्या वर्गणीवर रुग्णालयाशी हक्काने बोलू शकते, हा त्या योजनेचा धडा कायम आहे. ‘फुकट नको, पण परवडेल असे द्या’ ही गावाची भूमिका तिने समोर आणली.

१९९२ : पदवीनंतरची दोन वर्षे

विद्यार्थी दशेत गाव पाहिलेला डॉक्टर पदवीनंतर तिथे जाईलच, असे मात्र होत नव्हते. एमबीबीएस झाले की पदव्युत्तर प्रवेशाची शर्यत सुरू होते. इंटर्नशिपपासूनच मुले खोलीत बसून प्रश्नसंच सोडवू लागतात आणि जागा मिळाली नाही तर आणखी एखाद-दोन वर्षे तेच. उमेदीची वर्षे अशी रुग्णाला हात न लावता निघून जातात.

यावर संस्थेने १९९२ मध्ये उपाय काढला. संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा केली पाहिजे, अशी अट घातली. सेवेची जागा संस्थेने हेरून ठेवलेल्या स्वयंसेवी संस्थांत, म्हणजे खेड्यापाड्यांत आणि आदिवासी भागांत रुग्णालये व आरोग्य प्रकल्प चालवणाऱ्या संस्थांत. एका दगडात तीन गोष्टी साधल्या : दुर्गम रुग्णालयाला डॉक्टर मिळाला, डॉक्टरला अनुभव मिळाला आणि पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी दोन वर्षांची जबाबदारी पेलून आलेला असू लागला.

त्या दोन वर्षांत काय शिकायला मिळते, याचे एकच उदाहरण देतो. पेरणीच्या दिवसांत रात्री पाय धरून माणूस आणला जातो. साप चावला, पण कोणता ते कोणी पाहिलेले नाही. मोठी प्रयोगशाळा पन्नास किलोमीटरवर. तरुण डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतो आणि नळी उभी करून वीस मिनिटे अजिबात हलवत नाही. मग ती हळूच तिरकी करतो. रक्त गोठले नसेल तर घोणसासारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे हे नक्की, प्रतिविष ताबडतोब सुरू करायचे. रक्त गोठले असेल तरी निश्चिंत राहायचे नाही. रोग्याला वर बघायला सांगायचे आणि पापण्या जड होतात का ते पाहत राहायचे, कारण नाग आणि मण्यारीचे विष आधी पापण्या पाडते आणि मग श्वास थांबवते. या तपासणीला खर्च जवळजवळ नाही. पण ती वीस मिनिटे नातेवाइकांच्या गराड्यात धीर धरून उभे राहणे आणि त्यानंतरचा निर्णय एकट्याने घेणे, हे मोठ्या रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टरच्या वाट्याला सहसा येत नाही. तिथे त्याच्या डोक्यावर चार वरिष्ठ असतात.

सक्तीने सेवा होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. काहींनी दोन वर्षे दिवस मोजत काढली. जिथे मार्गदर्शनाला वरिष्ठ डॉक्टर नव्हता, राहायला नीट खोली नव्हती, रक्ताची सोय नव्हती, तिथे नवख्या डॉक्टरची ओढाताण झाली आणि रुग्णांनाही त्याचा त्रास झाला. म्हणूनच कोणत्या ठिकाणी विद्यार्थी पाठवायचा याची पारख ही या योजनेतली सर्वांत नाजूक बाब ठरली. चांगला वरिष्ठ असलेल्या ठिकाणाहून मुले आत्मविश्वास घेऊन परतली. पाठवणाऱ्याची जबाबदारी आदेश काढून संपत नाही, हा या अनुभवाचा अर्थ. आणि सक्तीबद्दल म्हणाल, तर शवविच्छेदनही सक्तीचेच असते. डॉक्टर होण्यासाठी जे आवश्यक ते अभ्यासक्रमात असतेच. गाव आवश्यक आहे की नाही, एवढेच आपण ठरवायचे.

बदललेला काळ

३ जानेवारी २००१ रोजी बडी बहनजी गेल्या. त्यांच्यानंतर धीरूभाई मेहता यांनी सोसायटीचे अध्यक्षपद सांभाळले. आश्रमातले शिबिर, दत्तक गाव, श्रमदान या गोष्टी चालू राहिल्या, कारण त्या कोणा एकाच्या उत्साहावर सोडलेल्या नव्हत्या. त्या वेळापत्रकात होत्या.

खरी कसोटी आली ती ‘नीट’मुळे. देशभर एकच प्रवेश परीक्षा झाली तशी आपली स्वतंत्र परीक्षा आणि तिच्यातली गांधीविचारांची प्रश्नपत्रिका गेली. पदव्युत्तर प्रवेशही राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांशी जोडले गेले, त्यामुळे ग्रामीण सेवा आणि पदव्युत्तर जागा यांची जुनी सांगड पूर्वीसारखी राहिली नाही. आज येणारा विद्यार्थी सेवाग्राम निवडून आलेला असेलच असे नाही. गुणांच्या यादीने त्याला इथे आणलेले असते. म्हणजे पूर्वी जे काम थोडेफार प्रवेशाच्या दारातच होत असे, तेही आता आत आल्यावर करायचे आहे.

याच काळात एक समाधानाची गोष्टही घडली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबे घ्यायची आणि पुढे त्यांच्याकडे जात राहायचे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात सेवा देणे बंधनकारक करणारी जिल्हा निवासी योजना त्याआधीच आली होती. सेवाग्रामात ज्या प्रकारचे काम काही दशके चालू होते ते आता देशाच्या अभ्यासक्रमात आले आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण नियम सगळीकडे एकच असला तरी फळ एकसारखे येणार नाही. कुटुंबपत्रक भरून घेणे सोपे आहे. त्या कुटुंबाकडे पुन्हा जाणे अवघड आहे, आणि त्यासाठी गाडी, शिक्षक व राखून ठेवलेला दिवस लागतो.

ऋणनिर्देश आणि पुढचे काम

या वाटचालीत ज्यांची नावे कोनशिलेवर नाहीत त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. शिबिरासाठी शाळेच्या खोल्या आणि समाजमंदिरे उघडून देणारी गावे, पोरींना रात्री आपल्या घरी झोपायला नेणाऱ्या बाया, विद्यार्थ्यांना घरे दाखवणाऱ्या अंगणवाडी सेविका, परिचारिका, आशा आणि जुन्या सुईणी, महिन्याच्या फेरीला गाडी नेणारे चालक, नोंदी जपून ठेवणारे सामाजिक कार्यकर्ते. आपले शेकडो डॉक्टर यांच्या हाताखाली शिकले आहेत. हे लोक शिक्षकच होते, असे मानून संस्थेने त्यांची नोंद ठेवावी.

पुढच्या वर्षांसाठी तीन गोष्टी कराव्या लागतील असे मनापासून वाटते. महिन्याच्या गावफेरीचा दिवस परीक्षेसाठी, पाहणीसाठी किंवा कोणत्याही समारंभासाठी रद्द होऊ नये. पदवीनंतर गावात सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी संस्थेने स्वतःच्या बळावर वर्ष-दोन वर्षांची पाठ्यवृत्ती उभी करावी. प्रवेशाची अट हातात राहिली नसली तरी मानधन, राहण्याची सोय आणि फोनवर केव्हाही उपलब्ध असणारा वरिष्ठ एवढे देणे आपल्या हातात आहे. तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. तुमच्यापैकी जे ग्रामीण भागात रुग्णालय चालवतात त्यांनी दरवर्षी एका नव्या डॉक्टरला आपल्याकडे ठेवून घ्यावे आणि तो चुकत असताना शेजारी उभे राहावे. जे शहरात आणि परदेशात आहेत त्यांनी त्या एकाचा खर्च उचलावा. बहनजींनी सरकार, सोसायटी आणि गाव अशी तिघांची मोट बांधून हे महाविद्यालय चालवले. आता त्या मोटेत माजी विद्यार्थ्यांनी आपला वाटा घालायची वेळ आली आहे.